मुलांना घेऊन पुण्यात कुठे जावे? माझी काही ठाम मते

दोघींची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूर सोडून पुण्यात आलो तेव्हा थोरली बालवाडीत होती. आता ती तिसरीत आहे आणि धाकटी साडेतीन वर्षांची. रविवारी मुलींना कुठे न्यायचे यावर आमच्या घरी शनिवारी रात्रीपासूनच खल सुरू होतो. एवढ्या वर्षांत ऐकून, विचारून आणि भटकून माझी काही मते पक्की झाली आहेत. ती इथे मांडते. ज्यांना पटणार नाहीत त्यांनी अवश्य वाद घालावा, कारण दिवाळीच्या सुट्टीची सोय त्यातूनच व्हायची आहे.

माझे मुख्य म्हणणे असे, की जी ठिकाणे केवळ 'लहान मुलांसाठी' म्हणून सजवलेली असतात तिथे मुले लवकर कंटाळतात आणि जिथे मोठी माणसे आपापल्या कामात गुंतलेली असतात तिथे ती सहज रमतात. कसबा पेठेतल्या तांबट आळीचेच उदाहरण घ्या. तिथे एक कारागीर तांब्याच्या घंगाळावर मठारकाम करत बसले होते. लोखंडी दांड्यावर उपडे घातलेले भांडे डाव्या हाताने तसूभर फिरवायचे आणि उजव्या हाताने हातोडीचा एकच ठोका द्यायचा. ठोका पडला की तिथे नखाएवढा लखलखीत खळगा उमटायचा आणि पुढचा खळगा त्याला अगदी खेटून, त्याच ओळीत बसायचा. थोरलीने ठोके मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने मोजणे सोडून ती नुसती पाहत राहिली. एरवी दहा मिनिटांत 'आता पुढे काय' विचारणारी मुलगी तिथून हलायला तयार नव्हती.

महात्मा फुले मंडईचाही अनुभव तसाच. 1886 सालची ती अष्टकोनी इमारत, उंच ओट्यांवर मांडलेले भाजीचे ढीग आणि वरून खाली वाकून वजन करणाऱ्या मावशी यांत धाकटीला इतकी मजा वाटते, की पालेभाजीची जुडी स्वतः उचलल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. तिथून चार पावलांवर तुळशीबाग. राममंदिराच्या परिसरातल्या दुकानांत पितळी आणि तांब्याची भातुकली मिळते, आणि त्यातले बंब, घंगाळ, जाते, खलबत्ता, शेगडी हे सगळे मूळ वस्तूसारखे नेटके घडवलेले असते. आमच्याकडच्या भातुकलीतला खलबत्ता आता वेलची कुटायला स्वयंपाकघरात आला आहे.

संग्रहालयांपैकी राजा दिनकर केळकर संग्रहालय मला सर्वांत प्रिय आहे. तिथे राजेरजवाड्यांच्या वैभवापेक्षा घरात वापरायच्या वस्तू जास्त आहेत: अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्री, दौती, दरवाजे. एका माणसाने 1920च्या सुमारास या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले, हे थोरलीला सांगितल्यावर तिने पुढचा सगळा वेळ 'हे त्यांनी कुठून आणले असेल' हाच प्रश्न प्रत्येक कपाटापुढे विचारला.

खाण्याच्या बाबतीत माझे मत याहून कडक आहे. ज्या उपाहारगृहात मुलांसाठी वेगळे मेनूकार्ड असते तिथे त्या कार्डावर तळलेले बटाटे, नूडल्स आणि चीज याखेरीज काही नसते. त्यापेक्षा साधी इडली, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा मिळणारी जुनी ठिकाणे मला बरी वाटतात.

आता तुम्ही सांगा. पावसाळ्यात कुठे जाता? साडेतीन आणि आठ वर्षांच्या मुलींना एकाच वेळी आवडेल असे काय आहे? आणि माझे मुख्य म्हणणे तुम्हाला पटते का?


पेठकर_काका

ताई, तुमचे लिहिणे वाचून कसब्यात जन्म घेतल्याचे सार्थक झाले. थोडी भर घालतो. तांबट आळीत शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जावे, आणि फोटो काढण्यापूर्वी कारागिरांना विचारावे. ती माणसे पोटासाठी काम करत असतात, प्रदर्शनासाठी नव्हे. जवळच बुरूड आळी आहे. तिथे बांबूच्या कामट्या काढण्यापासून टोपली वळण्यापर्यंतचे काम रस्त्याच्या कडेलाच चाललेले दिसते.

दुसरे असे, की आता मुलांना घेऊन पेठांत यायला गाडी काढण्याची गरज उरलेली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला, आणि त्यावर कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्थानके आहेत. कसब्याला उतरावे, तांबट आळी पाहावी, पुन्हा मेट्रोत बसून मंडईला उतरावे. लहान मुलांना जमिनीखालून जाणाऱ्या गाडीचे आणि त्या लांबलचक सरकत्या जिन्यांचे इतके अप्रूप असते, की निम्मी सहल तिथेच होते.


निवांत_वाचक

"तुळशीबागेत जाऊन केवळ भातुकली घेऊन परत यायचे" हे ज्यांना जमते त्या गृहिणीचा जाहीर सत्कार व्हायला हवा. बाकी सर्व मुद्द्यांना अनुमोदन.


सायली_कोथरूड

मी विरुद्ध बाजू मांडते, कारण ती कुणीतरी मांडायला हवी. मी आठवडाभर नोकरी करते, घरात दुसरे मोठे माणूस नाही आणि मुलगा पाच वर्षांचा आहे. रविवारी मला त्याला मंडईच्या गर्दीत हात घट्ट धरून फिरवायचे नसते. मला अशी जागा हवी असते, जिथे तो मोकळा पळेल, पडला तरी लागणार नाही, दरवाजावर कुणी लक्ष ठेवून असेल आणि मला कडेला बसून अर्धा तास कुणाशी न बोलता कॉफी पिता येईल. मॉलमधली खेळघरे हेच देतात आणि त्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही. तुम्ही ज्याला 'सजवलेले' म्हणता, त्याला मी 'सुरक्षित' म्हणते. मे महिन्याच्या दुपारी तांबट आळीत भट्टीशेजारी उभे राहून पाहा, मग बोलू.


दोघींची_आई

सायलीताई, मुद्दा रास्त आहे. आमच्या घरी आम्ही दोघे असतो, त्यामुळे एकीचा हात एकाकडे आणि दुसरीचा दुसऱ्याकडे अशी वाटणी होते. एकटीने दोन्ही सांभाळायचे असते तर मीही असाच विचार केला असता. मात्र खेळघरांबद्दल माझी तक्रार पैशांची आहे. एका मॉलमधल्या अशाच ठिकाणी प्रवेशाचे पैसे वेगळे, बरोबर बसणाऱ्या आईचे वेगळे आणि आत जाण्यासाठी त्यांच्याकडचेच मोजे विकत घेण्याची सक्ती. घरात आता त्या मोज्यांचा एक स्वतंत्र कप्पा आहे.


रुळावरचा_माणूस

मूळ लेखिकेच्या सिद्धांताला एक मोठा अपवाद आहे आणि तो गेली सत्तरएक वर्षे रुळावर धावतो आहे. पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी 1956 साली सुरू झाली ती केवळ मुलांसाठीच. तिचे उद्घाटनही कुण्या पुढाऱ्याने न करता तिथे जमलेल्यांमधल्याच एका लहान मुलीच्या हातून झाले होते. आमच्या घरात आई, मी आणि आता माझा मुलगा असे तिघेही त्या गाडीत बसलो आहोत. पार्कातले प्राणी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेले, आजूबाजूचा पेशवे पार्क बदलला, तरी गाडीसाठी रांग असतेच.

याउलट कोथरूडला संगम प्रेसच्या रस्त्यावर जोशी यांचे छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय आहे. एका माणसाने आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभे राहिले आणि 1998 साली लोकांसाठी खुले झाले. एका मोठ्या खोलीत अख्खे गाव मांडलेले आहे. त्यातून वाफेच्या इंजिनापासून वेगवान गाड्यांपर्यंत सगळे धावते, सिग्नल आपोआप बदलतात, फाटके पडतात आणि खोलीत अंधार केला की गावात दिवे लागतात. साधारण अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो. पावसाळ्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला गाडी दिसते आणि आठ वर्षांच्या मुलीला सिग्नलची युक्ती कळते, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर तेच आहे. वस्तूंना हात लावता येत नाही, एवढे आधी समजावून न्या.


आजी_पर्वतीपायथा

या धाग्यावर आजी-आजोबांचा विचार कुणी केलेला दिसत नाही. नातवंडांना फिरवण्याची जबाबदारी बहुतेक घरांत आमच्याकडेच असते आणि आमचे गुडघे हा त्यातला निर्णायक मतदार असतो. पर्वतीला 103 पायऱ्या आहेत. पायऱ्या रुंद आणि चढायला सोप्या आहेत, नातू धावत वर जातो, मी मध्ये दोनदा बसते आणि वर पोहोचल्यावर तो मला "आजी, इतका वेळ काय करत होतीस?" असे विचारतो. वरून सगळे शहर दिसते आणि पेशव्यांचे छोटे संग्रहालयही आहे. उन्हाच्या आधी खाली उतरावे.

सारसबाग मात्र सर्वांना झेपते. तळ्यातल्या गणपतीचे दर्शन, हिरवळीवर पळापळ आणि नंतर बाहेरच्या गाड्यांवरची भेळ असा आमचा क्रम ठरलेला आहे. मी घरून डबा नेते. दशमी, दाण्याची चटणी आणि गूळ असला की कुठल्याही उपाहारगृहाची रांग धरावी लागत नाही. अलीकडच्या आयांना डबा नेण्यात कमीपणा वाटतो की काय कोण जाणे.


सायली_कोथरूड

आजी, कमीपणा मुळीच वाटत नाही. डबा करण्यासाठी रविवारी सकाळी सहाला उठावे लागते, एवढेच वाटते.


कॅम्पातला

सगळी चर्चा पेठांभोवती फिरते आहे, तेव्हा नदीच्या अलीकडचेही काही सांगतो. आमच्या भागात क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे आणि पुण्यातल्या निम्म्या पालकांनी त्याचे नाव ऐकलेले नसते. वारली चित्रे, दागिने, वाद्ये, शेतीची अवजारे आणि बोहाडा उत्सवातले मुखवटे तिथे आहेत. ते मुखवटे पाहून माझी मुलगी आधी माझ्या मागे लपली आणि घरी आल्यावर पुठ्ठ्याचे तसेच मुखवटे करण्यात तिचा आठवडा गेला. गर्दी जवळजवळ नसते.

तिथून ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी. श्रूसबेरी बिस्किटे सगळ्यांना ठाऊक असतात, पण मुलांसाठी मावा केक घ्यावा. बेकरी दुपारी काही तास बंद असते, त्यामुळे संग्रहालय आधी आणि बेकरी नंतर असा क्रम लावला तर बंद दाराशी रडारड होण्याची शक्यता असते. सकाळी आधी बेकरी उरकावी. बसून खायचे असेल तर महात्मा गांधी रस्त्यावरच्या मार्झोरिनमध्ये सँडविच घ्यावे आणि वरच्या मजल्यावर जागा मिळाली तर रस्त्याकडे तोंड करून बसावे. येणारे-जाणारे पाहण्यात मुलांचे खाणे कधी संपते ते आपल्यालाही कळत नाही. इथे मुलांचे वेगळे मेनूकार्ड लागत नाही, हे मूळ लेखिकेच्या बाजूने नोंदवतो.


पेठकर_काका

'नदीच्या अलीकडचे' म्हणजे नक्की कोणत्या बाजूचे? कॅम्प आणि कसबा दोन्ही मुठेच्या एकाच काठावर आहेत, साहेब.


कॅम्पातला

काका, मनातली नदी म्हणत होतो.


अबोल_बाबा

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे. मोठा आवाज, अचानक होणारा स्पर्श आणि गर्दी त्याला सहन होत नाही. तांबट आळीतले ठोके, तुळशीबागेतल्या आरोळ्या किंवा खेळघरातले कर्कश संगीत यांपैकी काहीही आम्हाला चालत नाही, त्यामुळे वरच्या वादात मी दोन्ही बाजूंच्या बाहेर आहे. आम्हाला जे जमले ते लिहितो. इतर पालकांना उपयोग होईल.

सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हे आमचे पहिले ठिकाण. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलेले आहे आणि पुणे–ओकायामा मैत्रीचे प्रतीक म्हणून ओळखले जाते. तिथे झोपाळे आणि घसरगुंड्यांचा गलबला नाही. पाण्याचा एक प्रवाह संपूर्ण बागेतून वाहत जातो आणि मुलगा त्याच्या कडेकडेने, तो जिथे वळेल तिथे वळत चालतो. छोट्या पुलावर उभे राहून रंगीत मासे पाहणे हा त्याचा सर्वांत आवडता भाग आहे; मासा पुलाखाली गेला की तो दुसऱ्या कठड्याशी जाऊन थांबतो आणि मासा बाहेर येईपर्यंत जागचा हलत नाही. उद्यान सकाळी लवकर उघडते आणि दुपारी बंद असते. आम्ही आठवड्यातल्या साध्या दिवशी, उघडता क्षणी जातो.

दुसरे ठिकाण म्हणजे रेसकोर्सजवळचे एम्प्रेस गार्डन. तिथली जुनी झाडे आणि त्यांच्यावर चढलेल्या प्रचंड वेली यांच्या सावलीत उन्हाळ्यातही बसता येते. जानेवारीत तिथे पुष्पप्रदर्शन भरते. बाकीच्यांनी त्या वेळी जरूर जावे, आम्ही मात्र तेवढे दिवस टाळतो. केळकर संग्रहालयही साध्या दिवशी शांत असते.

खाण्याबाबत एकच विनंती. जिथे बाहेर नावनोंदणी करून वाट पाहावी लागते, अशा ठिकाणांची शिफारस करताना तेवढा उल्लेख करत जा. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने चवीपेक्षा वाट पाहण्याचा वेळ महत्त्वाचा असतो.


दोघींची_आई

अबोल_बाबा, मनापासून आभार. पुलावरच्या माशांचे तुम्ही लिहिलेत ते वाचून धाकटीला तिथे न्यायचे ठरवले आहे. खाण्याच्या ठिकाणांत वाट पाहण्याचा वेळ सांगावा ही सूचना सर्वांनीच पाळावी असे मला वाटते.


तर्रीबहाद्दर

मग प्रामाणिकपणे सांगतो, की फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीत रविवारी सकाळी मुलांना घेऊन जाणे म्हणजे उपास घडवणे आहे. पदार्थ उत्तम, एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) तर अप्रतिम, पण बाहेरची गर्दी पाहून मूल तिथेच बसकण मारते. साध्या दिवशी दुपारी चारच्या आसपास गेलात तर जागा मिळते.

मिसळीचा उल्लेख अजून कुणी केला नाही याचे आश्चर्य वाटते. मुलांना मिसळीची सवय लावायची असेल तर सुरुवात नारायण पेठेतल्या बेडेकरांपासून करावी. तिथला रस्सा किंचित गोडसर असतो आणि सोबत पावाऐवजी स्लाइस असतो, त्यामुळे पोरांच्या डोळ्यांतून पाणी येत नाही. कर्वे रस्त्यावरच्या काटाकिर्रला मात्र मुलाचे दहावीचे वर्ष उलटल्यावरच न्यावे.


कोल्हापूरची_सून

गोड मिसळ या विषयावर मी माहेरचे आणि सासरचे संबंध टिकवण्यासाठी मौन पाळते.

मुलांच्या बाबतीत मात्र एक सुचवते. तुळशीबागेतून थकून बाहेर पडल्यावर जवळच कावऱ्यांचे आइस्क्रीम आहे किंवा थोडे पुढे सदाशिव पेठेत सुजाता मस्तानी आहे. एक मस्तानी दोन मुलांत वाटून द्यावी. पूर्ण ग्लास एकाच मुलाला दिला तर ते रात्री जेवत नाही आणि नंतर घरातली वडीलधारी मंडळी जे बोलतात ते ऐकण्याची तयारी ठेवावी लागते.


इतिहासाची_बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि घरी दोन मुले आहेत, त्यामुळे शनिवारवाड्याचा प्रसंग मी दोन्ही बाजूंनी अनुभवला आहे. मुले आत शिरतात, बुरूज पाहतात, दिल्ली दरवाजावरचे हत्तींना अडवणारे खिळे पाहून हरखून जातात आणि मग आवारात उभे राहून विचारतात, "बाई, वाडा कुठे आहे?" प्रश्न बरोबरच आहे. 1730 मध्ये पायाभरणी झालेला तो वाडा 1828 च्या आगीत जळाला आणि आता तटबंदी, दरवाजे आणि चौथरे एवढेच शिल्लक आहेत. ज्या मुलाने कधी वाडाच पाहिलेला नाही त्याला रिकाम्या चौथऱ्यावर वाडा कसा दिसणार?

म्हणून मी क्रम उलटा करते. आधी विश्रामबागवाडा दाखवते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, 1807 च्या सुमाराचा हा वाडा रस्त्यावरूनच बोलू लागतो: कोरीव लाकडी सज्जा, सुरूच्या आकाराचे खांब, आत चौक. ते पाहिलेली मुले शनिवारवाड्यात गेली की चौथऱ्यावर उभी राहून "इथे चौक असेल, इथे जिना" असे आपले आपण रचू लागतात. केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल आहे, तोही याच मालिकेत दाखवावा.

आठ वर्षांच्या मुलीसाठी आगाखान पॅलेसही सुचवते. ऑगस्ट 1942 मध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना तिथे स्थानबद्ध केले. महादेवभाई त्याच महिन्यात 15 तारखेला आणि कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 रोजी तिथेच वारल्या. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. एवढ्या सुंदर महालाला तुरुंग का म्हणायचे, हा प्रश्न मुले हमखास विचारतात आणि त्यावर घरी परतेपर्यंत बोलता येते. साडेतीन वर्षांची मुलगी तेवढा वेळ हिरवळीवर पळेल.


चिंचवडकर

पुण्याच्या धाग्यात चिंचवडला प्रवेश आहे का, हे आधी विचारून घेतो. असेल तर ऑटो क्लस्टरजवळचे आमचे सायन्स पार्क 2013 पासून सुरू आहे. तिथली बरीचशी मांडणी हाताने ओढून, फिरवून, दाबून पाहण्याची आहे आणि त्यामुळे 'हात लावू नकोस' हे वाक्य दिवसभर बोलावे लागत नाही. शेजारी तारांगणही झाले आहे. सायलीताईंचे मोकळे पळणे आणि मूळ लेखिकेचे खरेखुरे काहीतरी पाहणे या दोन्हींची तडजोड इथे होते.


आकाशवेडी

चिंचवडकर, प्रवेश आहे. पण मग विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेलाही द्यावा लागेल. 28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनी तिथे सर्वांना आत जाता येते. संशोधक स्वतः टेबलामागे उभे राहून मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. तिसरीतल्या मुलीला थोडे जड जाईल, पण पाचवीनंतर नक्की न्यावे. गर्दी भरपूर असते, हे अबोल_बाबांसाठी नमूद करते.


लहान_बाळाचा_बाप

वरची यादी वाचून उत्साह वाटला, परंतु ज्या विषयावर आमची प्रत्येक सहल मोडते तो कुणीच काढला नाही. स्वच्छतागृह. तीन-साडेतीन वर्षांचे मूल "शू आली" असे म्हणते तेव्हा आपल्याकडे जेमतेम दोन मिनिटे असतात. एका प्रसिद्ध ठिकाणी स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि किल्ली असलेले गृहस्थ जेवायला गेले होते. बाळाला दूध पाजायला किंवा लंगोट बदलायला जागा तर बहुतेक ठिकाणी नसतेच. या एका बाबतीत मॉलला तोड नाही, आणि माझी पत्नी केवळ त्या कारणासाठी सायलीताईंच्या पक्षात आहे.


सायली_कोथरूड

पक्ष वाढतो आहे. वहिनींना नमस्कार सांगा.


आजी_पर्वतीपायथा

आम्ही पेठांत गेलो की आधी एखाद्या उपाहारगृहात चहा-इडली घेतो आणि मुलांना तिथेच 'जाऊन' यायला सांगतो. मग बाजार. चहाचे पैसे त्या सोयीचेच समजावेत.


टेकडीवाला

पैसे, रांगा, स्वच्छतागृहाचे कुलूप या सगळ्या कटकटींतून सुटायचे असेल तर वेताळ टेकडी आहे. मोर दिसतात, खाणीतल्या पाण्यावर पक्षी दिसतात आणि पावसाळ्यात सगळी टेकडी हिरवीगार होते. साडेतीन वर्षांच्या मुलाला थोडे अंतर खांद्यावर घ्यावे लागेल. मोठ्या मुलांसाठी सिंहगड आहेच. वर गाडीने जाता येते आणि पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही हा तिथला खरा ऐतिहासिक ठेवा आहे, असे माझ्या मुलाचे मत आहे. तानाजी मालुसऱ्यांची समाधी पाहिल्याशिवाय दही मिळणार नाही, असा आमचा नियम आहे.


दोघींची_आई

एवढे प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. सर्व वाचून मूळ म्हणण्याला एक पुरवणी जोडते. फुलराणी, जोशींचे रेल्वे संग्रहालय आणि सायन्स पार्क ही मुलांना धरून ठेवणारी ठिकाणे आहेत हे मान्य. पण तिन्ही ठिकाणी काहीतरी खरोखर चालू असते आणि ते चालवणारे माणूस किंवा त्यामागची यंत्रणा मुलांना दिसते. खेळघरात मुलाने स्वतः धावायचे असते, आजूबाजूला घडत काहीच नाही. त्यामुळे माझा आक्षेप खेळघरांपुरता उरला आहे, आणि तिथल्या आईच्या कॉफीवर तर मुळीच नाही.

येत्या रविवारचा बेत असा ठरला आहे: सकाळी मेट्रोने मंडई, विश्रामबागवाडा, मग शनिवारवाडा, पाऊस आला तर शनिवारवाड्याऐवजी कोथरूडचे रेल्वे संग्रहालय. जेवण बाहेर. मस्तानी एक आणि चमचे चार. पु. ल. देशपांडे उद्यान एखाद्या साध्या दिवशी, शाळेला सुट्टी असेल तेव्हा. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाविषयी कुणीच फारसे लिहिले नाही. तिथे साडेतीन वर्षांच्या मुलीचे चालणे कितपत होते?


रुळावरचा_माणूस

कात्रजचा परिसर 130 एकरांचा आहे, तेव्हा ती चालणार नाही, तुम्हालाच तिला उचलून चालावे लागेल. बॅटरीवरची गाडी मिळते, तिची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करा. सर्पोद्यान आधी पाहा, कारण शेवटी ठेवले तर तिथे पोहोचेपर्यंत धाकटी झोपलेली असते. आणि बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी बंद असते.


कोल्हापूरची_सून

मस्तानी एक आणि चमचे चार हे वाचले. निदान दोन तरी घ्या हो, नागपूरच्या लेकी आहेत.